पिवळ्या कॅसेटचं कुंकू

माझ्याकडे आज अकरा जुने व्हिडिओ गेम आहेत आणि त्यातला एकही आमचा नाही.

गेवराईच्या घरात लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण त्यांनी अडवलेत. काही काळे, काही करडे, एक लाल-पांढरा, एकाचं झाकण रबराने बांधलेलं. प्रत्येकाची वायर वेगळी, अडॉप्टर वेगळा आणि रुसण्याची तऱ्हाही वेगळी. माझी बायको सुलभा म्हणते, "देवाला सुद्धा एवढं सोवळं नाही आपल्या घरात." खोटं नाही तिचं. कपाट उघडण्याआधी मी हात धुतो, कोरडे करतो आणि मगच कॅसेटला हात लावतो. कॅसेट म्हणजे गेमची. तळहाताएवढी, प्लॅस्टिकची, खालच्या खाचेत सोनेरी दातांची रांग. ती डबड्याच्या खाचेत खुपसली की टीव्हीवर गेम लागायचा. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगितल्यावर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

हे सगळं कुठून कुठून गोळा केलं ते सांगायला बसलो तर माझी एक अख्खी पाळी पुरणार नाही. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. लहानपणी ज्या लाईटने ऐन रंगात आलेला डाव मोडला, तिची कळ आता माझ्याच हातात आहे. पाळी संपली की मी भंगारवाल्यांच्या दारी जातो. बीडला एकजण आहे, तो मला लांबून बघूनच ओरडतो, "आज कुछ नई आया, साब!" तरी मी त्याच्या ढिगाऱ्यात हात घालतोच. एक गेम मी एका मास्तरांच्या माळ्यावरून उतरवला, तर एक चालू मोबाईलच्या बदल्यात घेतला. त्यावर सुलभा दोन दिवस बोलली नव्हती.

लोक विचारतात, "नेमकं काय पाहिजे हो तुम्हाला?" मी सांगतो, पिवळी कॅसेट. तिच्यावर वाघाचं आणि मोटारसायकलचं चित्र. आत वाघही नाही आणि मोटारसायकलही नाही. नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम असं वर छापलेलं, आणि आत गेम पाच, तेच ते पुन्हा पुन्हा. त्यातला आमच्या कामाचा एकच होता, विटांचा. वरून एक एक वीट खाली यायची, कुठली सरळ, कुठली वाकडी, ती फिरवून बसवायची. रांग पुरी भरली की ती गडप व्हायची, आणि फट राहिली की वर डोंगर चढत जायचा. तो गेम मला पुढे दोन-तीनदा मिळाला, वेगळ्या रंगाच्या कॅसेटींत. लावून बघितला, बंद केला, कपाटात ठेवला. आमची ती आमचीच होती.

यंदा खंडेनवमीला मला सुट्टी मिळाली. एरवी त्या दिवशी मी उपकेंद्रातच असतो. तिथं आम्ही पाने, पकडी, टेस्टर, रबरी हातमोजे असं सगळं मांडतो, हळद-कुंकू वाहतो आणि ट्रान्सफॉर्मरपुढे लांबूनच नारळ फोडतो. घरची खंडेनवमी मी कैक वर्षांत पाहिली नव्हती. सकाळीच मोटारसायकल काढली आणि चकलांब्याला गेलो. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून माय तिथं एकटीच राहते. चार शेरडं आहेत, ती म्हणते तेवढी सोबत बास.

अंगणात पाय ठेवला आणि तो वास आला. धुतलेल्या लोखंडाचा, झेंडूचा, ओल्या मातीचा आणि या सगळ्याच्या खालून शेरडांचा. मायने घोंगडी अंथरून हत्यारं मांडली होती. विळा, खुरपी, कुऱ्हाड, शेरडांना पाला तोडायची लांब काठीची आकडी, घोंगडी शिवायचा दाभण, सुपारीचा अडकित्ता. मी चपला काढता काढता रांगेवरून नजर फिरवत होतो, आणि रांगेच्या शेवटी, अडकित्त्याच्या शेजारी, पिवळी कॅसेट होती.

वाघ उडून गेला होता. नुसती शेपटी उरली होती आणि मोटारसायकलचं एक चाक.

"हे कुठं होतं?" मी विचारलं.

"कुठं म्हंजी? पेटीत," माय झेंडूचं फूल विळ्यावर ठेवत म्हणाली. "हरसाली असतंय की. तूच नसतोस."

मी खाली बसून बघितलं. कॅसेटच्या पाठीवर कुंकवाचं बोट होतं, हळदीचं बोट होतं, त्याखाली मागल्या वर्षीचं फिकट, त्याखाली आणखी मागचं. प्लॅस्टिक त्या जागी गुलाबी पडलं होतं.

"दाताला न्हाई लावलं बरं का," माय म्हणाली. "पाठीलाच लावती."

कालच कुणीतरी बजावलं असावं आणि आपण ते पाळलं, अशा सुरात ती हे म्हणाली. मी उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो.

आण्णा एका बुधवारी बोकड घेऊन बाजारात गेले होते आणि परत येताना त्याच बोकडाच्या दाव्याने बांधलेलं एक खोकं घेऊन आले. माय म्हणाली, "पत्रे आणाया गेलते ना?" आण्णा म्हणाले, "पत्रे फुडल्या साली." शेरडांच्या छपरावर पत्रे पुढल्या साली काही आले नाहीत, पण त्या संध्याकाळी आमच्या घरात निम्मी गल्ली आली. खोक्यात करडा डबा, दोन रिमोट आणि एक काळी कॅसेट. नव्या प्लॅस्टिकचा तो वास मी पुढे कितीतरी दिवस रिमोट नाकाशी धरून घेत असे. आता कपाट उघडलं तरी तो येत नाही. अकरांपैकी कुणालाच तो वास नाही, सगळ्यांना दुसऱ्यांच्या घरांचे वास आहेत.

पिवळी कॅसेट नारायणगडाच्या यात्रेतली. बांगड्या, पिपाण्या आणि रेवड्यांच्या पालांमधे एकाने चादरीवर कॅसेटी पसरल्या होत्या. माय म्हणाली, रेवड्या घेऊ. मी तिथंच मातीत बसकण मारली. शेवटी कॅसेट घेतली, आणि गर्दीत हरवू नये म्हणून मायने ती पदराच्या गाठीत बांधली. त्याच गाठीत प्रसादाचे फुटाणेही होते. घरी येऊन खाचेतून फुटाण्याची टरफलं काढावी लागली, तेव्हा कुठे विटा पडायला लागल्या.

मग सुरू झाले ते दिवस. टीव्ही लावला की आधी मुंग्या. बटण हळूहळू फिरवत त्या मुंग्यांतून चित्र शोधायचं, आणि ते सापडलं की सगळ्यांनी एकदम "हां, हां, थांब!" करून ओरडायचं. अडॉप्टर तापला की आम्ही तो माठाला टेकवून ठेवायचो. गेमची धून वाजायची, आणि गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीची पुकपुक तिच्यात अशी मिसळायची की गिरणी बंद असली की मला गेम मुका वाटायचा. हुरड्याच्या दिवसांत सगळ्यांची बोटं काळी, म्हणून बटणंही काळी. उन्हाळ्यात सारवलेल्या जमिनीवर पालथं पडून खेळायचं, पोटाला गार लागायचं आणि उठल्यावर कोपरांना शेणाचा हिरवट रंग. थंडीत एका वाकळेखाली चौघं, बाहेर फक्त डोकी आणि रिमोटची वायर.

नियम एकच होता. मेला की रिमोट पुढच्याला. रडायचं नाही, अजून एकदा म्हणायचं नाही. जो मेला त्याने मुकाट रिमोट द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसायचं. आणि लाईट गेली की मात्र सगळ्यांचंच एकदम मरण. त्या डब्याला काही लक्षात ठेवता यायचं नाही. कितीही उंच गेला असाल, लाईट आली की पुन्हा पहिल्या विटेपासून. लाईट जायची तेव्हा घराघरातून एकच मोठा "आऽऽ" निघायचा, आणि लाईट नेमकी आम्ही शाळेतून आल्यावरच जायची. दुपारी भरपूर असायची, पण दुपारी आम्ही शाळेत असायचो.

माय त्या रांगेत कधी नव्हती. आपण तिला एकदा तरी रिमोट द्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्या तर नाहीच. ती उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली असायची, टीव्हीकडे पाठ, बोटं धान्यात. अधूनमधून म्हणायची, "आवाज कमी करा रं, शेरडं बुजत्यात." सकाळी ती शेरडं घेऊन माळाला जायची. ऊन चढलं की शेरडं सावलीला बसवायला घरी आणायची आणि ऊन कलल्यावर पुन्हा न्यायची. मधल्या त्या तास-दीड तासाचा कधी कुणी विचार केला नाही. शेरडं बसली म्हणजे मायही बसली असेल, एवढंच.

कधी कधी शाळेतून आल्यावर टीव्हीची काच कोमट लागायची, तापलेल्या धुळीचा वास यायचा. मला वाटायचं, खिडकीतून ऊन आलं असेल. रिमोटची वायर मी भेंडोळं करून कुठेही टाकायचो आणि परत येईपर्यंत ती नीट गुंडाळलेली असायची. चार वेढे आणि शेवटी एक फास, शेरडं सोडल्यावर दावं खुंटीला अडकवतात तसा. मला वाटायचं, माय आवरते. आया आवरतातच.

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सातवीत होतो. मायने हत्यारं धुतली, मांडली, आणि आतून गेमचा डबा आणि पिवळी कॅसेट आणून रांगेत ठेवली. मला उलट अभिमानच वाटला. गल्लीतल्या कुणाच्या खंडेनवमीत गेम नव्हता. मग ती ओलं कुंकू घेऊन बसली. मायची रीत अशी की कुंकू हत्याराला कुठेही लावायचं नाही, जिथं ते काम करतं तिथंच लावायचं. विळ्याच्या पात्याला. खुरप्याच्या तोंडाला. कुऱ्हाडीच्या धारेला. दाभणाच्या टोकाला. कॅसेटपाशी आली तेव्हा तिने ती उचलली, उलटी केली आणि खाचेच्या आत बोट घालून सोनेरी दातांना कुंकू लावलं. चांगलं ओलं, भरपूर. मग ती डब्यात बसवून ठेवली आणि वर फूल ठेवलं.

मी ते बघितलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं जमली, मी बटण दाबलं आणि टीव्ही पांढराफटक. कॅसेट ओढायला गेलो तर ती चिकटलेली. जोर लावून काढली तेव्हा दात लाल, आणि डब्याची खाचही आतून लाल. मग काळी कॅसेट लावली, तीही लागेना.

माय तेव्हा दुधाची चरवी घेऊन दारात आली होती. सगळ्या पोरांसमोर मी ओरडलो, "तुला काय कळतंय त्यातलं? शेरडं वळायची अक्कल तुझी, तेवढ्यापुरतं बघ ना!"

पोरं हसली. मायने चरवी खाली ठेवली. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसेल, आणि बसला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं." मग खाली वाकून कॅसेट उचलली, पदराने पुसली आणि पुसत पुसतच आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी तो डबा फुटक्या बादलीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. मीच दिला. कॅसेटही त्यातच गेली असं मी धरून चाललो.

लिहितानाही मला लाज वाटते. त्या आठवड्यात माफी मागितली असती तर दोन शब्दांत भागलं असतं. तेव्हा मला राग होता. राग गेला तेव्हा मी दहावीत होतो आणि एवढ्या जुन्या गोष्टीवर काय बोलायचं असं वाटायचं. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, आण्णा गेले, आणि ते बोलायचं राहिलं ते राहिलंच. लोक म्हणतात, मला गेमचा नाद आहे. नाद कसला, ज्या माणसाशी बोलायचं ते सोडून मी डबे गोळा करत होतो. मनात कुठंतरी असं होतं की तो गेम, ती कॅसेट जशीच्या तशी सापडली तर माझं ते वाक्यही मागे घेता येईल.

मी ओट्यावर असा बसलेलो असतानाच शेजारच्या शेवंताकाकू हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. मायच्याच वयाच्या, गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या, आणि तोंडाने अजून विशीतल्या.

"आलास व्हय रं? बरं झालं. सुकलास पर लई." मग माझी नजर कुठं आहे ते त्यांनी बघितलं. "ती कॅसेट बघायलास का? तुझ्या मायचं हत्यार हाय ते."

"मायचं?"

"मंग कुणाचं? दुपारच्याला शेरडं बसली की आमी दोघी आत. म्या नुसती बघायची, मला तर चक्कर यायची त्या ईटा पडताना. पर तुझी माय! कडब्याची गंज रचावी तशी रचायची बाबा. एक फट म्हणून ठिवायची न्हाई. तुमच्यासारखं न्हाई, निस्ता आरडावरडा."

"गप गं शेवंता," माय म्हणाली. तिने तोंड फिरवलं आणि झेंडूच्या माळेत नसलेली गाठ सोडवायला लागली.

"कावून गप? खोटं हाय का? एकदा तर शेरडं उठून दारात आली, वरडाय लागली, तरी ही उठंना."

मी मायकडे बघत होतो. आणि मग इतक्या वर्षांनी, एवढ्या कॅसेटी हाताळलेल्या मला पहिल्यांदाच ते दिसलं. ज्याने कधी कॅसेट हातात धरली नाही त्याने कुंकू वरच्या वाघाला लावलं असतं. उलटी करून, खाचेच्या आत बोट घालून, काम कुठं होतं ते शोधून नेमकं तिथंच कुंकू लावणारं माणूस तिच्याशी रोज खेळणारंच असायला हवं. त्या दिवशी मायने माझ्या गेमची पूजा केलीच नव्हती. विळा तिचा, खुरपं तिचं, दाभण तिचा. तशीच ती कॅसेटही तिची होती.

"माय, तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? लेकरं शाळंत आन् माय घरात गेम खेळती, हे सांगायचं?" ती माळेकडे बघतच म्हणाली. "आन् तू म्हन्लास तेबी खरंच हुतं. म्याच बिघडिवली."

शेवंताकाकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तो दिवस आठवत असणार. त्या ताटातलं कुंकू बोटाने सारखं करत बसल्या.

मी उठलो. म्हणालो, "गेवराईला जातो आणि गेम घेऊन येतो. तासाभरात. ही लावून बघू."

"आज न्हाई," माय म्हणाली. "कुंकू लावलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई. आज त्यास्नी सुट्टी. उद्या."

आमच्यातही लाईनवर माणूस चढलेला असला की कळीला हात लावायचा नाही, कुणाचाही फोन येवो. नियम म्हणजे नियम. मी त्या घोंगडीशेजारी बसून राहिलो, मायने केलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि दिवसभर ती कॅसेट माझ्यापासून हातभर अंतरावर पडून होती.

दसऱ्याला सकाळीच मी गेवराईहून सगळं घेऊन आलो. आमच्या डब्याच्याच जातीचा एक डबा, वायरी, स्पिरिट, खोडरबर आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. सुलभाने पिशवी भरून दिली आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. "चालली तर फोन करा," एवढंच म्हणाली.

कॅसेटचे दात मी अंगणात उजेडाला धरून साफ केले. वर काळपट थर, त्याखाली तांबूस, त्याखाली कुठेकुठे सोनं. कापूस आधी काळा झाला, मग लाल. दातांच्या मधल्या बारीक फटींत त्या वर्षीचं कुंकू दगडासारखं बसलेलं होतं. ब्लेडने निघालं असतं, पण माझा हात धजला नाही. पिशवीत तोच विटांचा गेम असलेली दुसरी कॅसेट होती, ती लावली असती तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पण ती लावणं म्हणजे पुन्हा तेच बोलणं झालं असतं, की तुझी बिघडली, तुझ्या कुंकवाने बिघडली. चालायची तर हीच चालायला पाहिजे होती.

मायच्या घरात आता भिंतीवरचा सपाट टीव्ही आहे. वायरी जोडल्या, कॅसेट खुपसली, बटण दाबलं. पांढराफटक. काढली, पुसली, पुन्हा लावली. चौकोनी रंगीत कचरा आला आणि थिजला. पुन्हा काढली आणि सवयीने तोंडाजवळ नेली.

"फुकू नको," माय मागून म्हणाली. "थुकी जाती आन् गंजतंय."

ती उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती, टीव्हीकडे पाठ करून. पाठमोरीच बोलली. मी तिसऱ्यांदा लावली. नुसता निळा पडदा. चौथ्यांदाही निळाच. शेवंताकाकू खाटेवर बसून तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी म्हणालो, "माय, असू दे, तिला फार वर्षं झाली ना. माझ्याकडे हाच गेम दुसऱ्या..."

"सर तिकडं."

ती उठून आली होती. हात लुगड्याला पुसले, माझ्याशेजारी मांडी घातली, कॅसेट खाचेत ठेवली आणि खाली दाबली. मग अंगठ्याच्या नखाने जराशी वर उचलली.

"पुरी दाबायची न्हाई ती. नखभर वर ठिवायची आन् डाव्या अंगाला रेटायची. तिला तशी सवय हाय," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

धून वाजली.

तीच. मधे एक सूर खरखरणारी. गिरणी केव्हाच बंद पडली आहे, तरी मला तिची पुकपुक ऐकू आली. शेवंताकाकू म्हणाल्या, "आगं बाई!" मी अकरा गेमांचा मालक, मला चार खेपांत जमलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवायचं तरी कुणापासून, माय माझ्याकडे बघतच नव्हती. तिने रिमोट उचलला होता.

बोटांची पेरं सुजलेली, अंगठ्याला भेग, मोतीबिंदू काढलेले डोळे बारीक केलेले. पहिल्या दोन विटा चुकल्या. तिसरी बसली. चौथी फिरून बसली. मग तिचे खांदे खाली आले आणि अंगठे आपापले चालायला लागले. विटा पडत होत्या आणि ती त्यांना घाई न करता, शेरडं एकेक करून छपराखाली घ्यावीत तशी, जागेवर घेत होती. एक रांग भरून गडप झाली. मग दुसरी. ती हसली नाही. फक्त जीभ गालाच्या आत सारली, सुईत दोरा ओवताना सारते तशी. हा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. तो भर दुपारचा चेहरा होता आणि त्या वेळी मी कायम शाळेत असायचो.

"माय," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर जे..."

"खेळताना बोलू नको," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ईट चुकती."

विटा वेगात यायला लागल्या. एका बाजूला फट राहिली, तिच्यावर दुसरी, डोंगर चढला आणि धून वाकडी होऊन थांबली. मेली. माझा हात आपोआप पुढे गेला, नियमच तसा होता.

"रिमोट पुढच्याला, माय," मी डोळे पुसत म्हणालो.

तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माजे लई डाव ऱ्हायलेत," ती म्हणाली. "तू मूग निवड."

आणि बटण दाबलं. मी उंबऱ्यात जाऊन बसलो, टीव्हीकडे पाठ करून, आणि तिचं सूप पुढे ओढलं. यंदाचे मूग होते, खडे बरेच होते. ताटलीत टाकले तर आवाज होईल म्हणून मी ते एकेक करून मुठीतच धरून ठेवले.